फोटोखालच्या चार ओळी

परभणीतल्या घरात सहलीचा बेत निघाला की पहिली नावं ठरलेली असतात. वेरूळ, शिर्डी, पंढरपूर, माहूर. लेकरांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की महाबळेश्वर. आमच्याकडेही वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. मग सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, रात्रभरचा प्रवास त्यांना सोसेना. त्यांना एकटीला घरी ठेवून आपण डोंगर बघायला जावं, हे कुणाच्याच मनाला पटेना. त्याच सुमारास धाकटे दीर पुण्यात स्थिरावले. नणंद तर लग्न झाल्यापासून हैदराबादलाच. तेव्हा असं ठरलं की सकाळी निघून दिवेलागणीला घरी परतता येईल एवढंच लांब जायचं, आईंना बरोबर न्यायचं आणि फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो.

नुसते फोटो टाकायचे नाहीत, असा माझा आग्रह होता. प्रत्येक फोटोखाली चार ओळी हव्यात: आपण कुठं आहोत, फोटोत कोण कोण आहे, त्या वेळी काय बोलणं चाललं होतं. हे म्हणाले, ‘‘एवढं कोण वाचणार?’’ पण लिहिण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, चार ओळी लिहायला मला वेळ लागत नाही. आग्रहाचं खरं कारण वेगळं होतं, ते गंगाखेडच्या वेळी सांगते.

सुरुवातीच्या सहलींतली एक वालूरची. वालूर सेलू तालुक्यात आहे, आणि गावाचं नातं वाल्मीकी ऋषींशी सांगितलं जातं. आम्ही गेलो ते तिथली बारव बघायला. मराठवाड्यात बारवा जागोजाग आहेत. बहुतेक चौकोनी, समोरासमोर पायऱ्या उतरणाऱ्या, भिंतीतल्या कोनाड्यांत देव बसवलेल्या. वालूरची त्यांच्याहून वेगळी आहे. तिच्या पायऱ्या गोल वळण घेत खाली जातात, आणि काठावर उभं राहून पाहिलं की नजर त्यांच्याबरोबर फिरत फिरत तळाशी पोचते. कितीतरी वर्षं ही बारव गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती. रोहन काळे यांनी महाराष्ट्रातल्या बारवा शोधून त्यांची नोंद करण्याची मोहीम सुरू केली, त्या वाऱ्यात वालूरकरांनीही टोपल्या-फावडी हातात घेतली आणि श्रमदानाने बारव मोकळी केली. २०२२ साली टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रं छापलेली पोस्टकार्डं काढली, त्यात वालूरची बारवही आहे. गावच्या माणसांनी उपसलेल्या गाळातून वर आलेली वास्तू देशभर टपालाने जाऊ शकते, ह्याचा मला परभणी जिल्ह्याची म्हणून फार अभिमान वाटतो.

आई खाली उतरू शकणार नव्हत्या. काठाजवळ सावली बघून आम्ही त्यांना सतरंजी टाकून दिली. लेकरं आणि हे पायऱ्या उतरायला लागले. आई वरून सांगत होत्या, ‘‘दमानं उतरा रे लेकरांनो, शेवाळ असंल.’’ मी त्यांचा फोटो काढायला मोबाइल धरला, तर त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या पायऱ्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘आमच्या आडाला असल्या पायऱ्या असत्या ना, तर माझी माय इतकी झिजली नसती.’’

ज्यांनी आडावरून पाणी ओढलेलं नाही त्यांना हा फरक सांगावा लागतो. बारवेत बाई घागर घेऊन पाण्यापर्यंत उतरते आणि भरून वर येते. आडात उतरायला वाट नसते. पोहरा सोडायचा आणि चऱ्हाटाने वर ओढायचा. आईंच्या आईच्या तळहातांना चऱ्हाटाचे घट्टे होते. बहात्तरच्या दुष्काळात तो आडही आटला. रात्रीतून तळाशी जे काही झिरपेल ते मिळावं म्हणून बाया मध्यरात्रीच नंबर लावून बसायच्या. आई तेव्हा नव्या सुनेच्या वयाच्या, माहेरपणाला आलेल्या. त्या आणि त्यांची माय आडाच्या कठड्याला टेकून रात्र काढायच्या, आणि माय जागं राहण्यासाठी ओव्या म्हणायची. हे सगळं आई बारवेच्या काठावर बसून सांगत होत्या, आणि मी फोटो काढायचं थांबवून ऐकत बसले होते. एवढ्या वर्षांत, एकाच स्वयंपाकघरात वावरताना, हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. घरी त्यांच्या हातात सारखं काहीतरी काम असतं, आणि आमच्याही. बोलायला बसण्याचं निमित्त घरात सापडत नाही.

त्या दिवशी मी ग्रुपवर बारवेचा एकच फोटो टाकला, आणि आईंचा एक. खाली आडाची हकिगत जशी त्यांनी सांगितली तशी लिहिली. रात्री नणंदेचा फोन आला. ‘‘वहिनी, आजीच्या हातांवरचे घट्टे मला आठवतात गं. पण ते कशाचे, हे मी कधी विचारलंच नाही.’’ आणि मग मायलेकी बराच वेळ फोनवर बोलत राहिल्या. दिरांनी बारवेचा फोटो त्यांच्या ऑफिसातल्या लोकांना दाखवला, ‘‘हे आमच्याकडे आहे’’ म्हणून. मला मात्र नणंदेचा फोन अधिक मोलाचा वाटला.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की ग्रुपवर सगळ्यांत जास्त बोलणं होतं ते साध्यासुध्या फोटोंवर. चारठाण्याचा तो उंच कोरीव दगडी स्तंभ, शेजारचं जुनं देऊळ, बारव. हे फोटो चांगले आले होते, त्यांना अंगठे आणि नमस्कार मिळाले. पण त्याच दिवशी झाडाखाली कागदावर मांडलेले धपाटे, दह्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि चटणीत बोट बुडवून बसलेलं माझं धाकटं लेकरू, ह्या फोटोवर दोन दिवस गप्पा चालल्या. दिरांना अण्णांच्या बरोबरचे रेल्वेतले धपाटे आठवले. अण्णा म्हणजे माझे सासरे. ते पूर्णा जंक्शनला रेल्वेत होते. नणंदेने विचारलं, धपाट्यात आई अजून तीळ घालते का. मानवत रोड स्टेशनावर थांबलेल्या गाडीच्या खिडकीतून काढलेला फोटो तर काहीच नव्हता, एक बाकडं आणि त्यावर पागोटं उशाला घेऊन झोपलेला म्हातारा. त्यालाही दिरांनी लिहिलं, ‘‘वहिनी, असे अजून पाठवा.’’ लांब गेलेल्या माणसाला गावाकडची नवी बातमी नको असते, त्याला गाव चालू आहे एवढं डोळ्यांनी बघायचं असतं.

आता गंगाखेड.

परभणीहून परळीच्या गाडीत बसलं की शिंगणापूर, पोखर्णी नृसिंह, धोंडी अशी स्टेशनं जातात, मग गोदावरीचा पूल लागतो आणि पलीकडे गंगाखेड. आमच्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. ‘गंगेवर जाऊन आलो’ म्हटलं की कुणी काशीचा विचार करत नाही. पूल आला की डब्यातली जाणती माणसं हात जोडतात आणि कुणीतरी खिडकीतून नाणं टाकतं. संत जनाबाईंचं हे जन्मगाव. इथून त्या लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेल्या आणि तिथल्या दळणा-कांडणात राहून त्यांनी अभंग रचले. आईंच्या पिढीतल्या बायकांना जनाबाई पोथीतून माहीत झालेल्या नाहीत, जात्यावर माहीत झाल्या आहेत. जातं ओढताना मदतीला विठ्ठल येतो, हे त्यांना सांगावं लागत नाही.

गंगाखेडला जायचं खास कारण एका फोटोत होतं. अण्णा गेल्यानंतर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत रेल्वेचे जुने पास, पगाराच्या पावत्या आणि काही फोटो निघाले. त्यात एक पिवळट पडलेला फोटो होता: घाटाच्या पायऱ्यांवर बसलेला फेट्यातला माणूस, शेजारी नऊवारीतली बाई, तिच्या मांडीवर टोपडं घातलेलं लेकरू, आणि उजवीकडे उभी असलेली आणखी एक तरुण बाई. बसलेले दोघं अण्णांचे आई-वडील असणार, हे आईंनी ओळखलं. उभी असलेली बाई कोण, हे त्यांनाही सांगता येईना. फोटोच्या मागे शाईने दोन-तीन ओळी लिहिलेल्या होत्या, पण उर्दूत. निजामाच्या राज्यात शाळेत शिकलेल्या आमच्या आजेसासऱ्यांच्या हाताला तीच लिपी सवयीची होती. त्यांचे हिशेब, चिठ्ठ्या, सगळं उर्दूतच असायचं, असं अण्णा सांगायचे. घरात आता ती वाचणारं कुणीच उरलेलं नव्हतं.

आमच्या गल्लीत एक चाचा राहतात, उर्दू शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. मी फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि सावकाश वाचून दाखवलं. गंगाखेड, कार्तिकी पुनव, सन १३५५ फसली. मग बसलेल्यांची नावं, मांडीवरच्या लेकराचं म्हणजे अण्णांचं नाव, आणि शेवटी उभ्या असलेल्या बाईचं नाव. पुढे लिहिलेलं, ‘माझी धाकटी बहीण, सासरी जाण्याआधी.’ हैदराबाद संस्थानात तेव्हा फसली साल चालायचं. चाचांनीच हिशेब करून सांगितलं, त्यात पाचशे नव्वद मिळवा बेटा, म्हणजे इंग्रजी साल येतं. १९४५. परभणी अजून निजामाची होती, मुक्तिसंग्राम पुढे घडायचा होता. चाचांनी त्या ओळी मराठीत उतरवून दिल्या, आणि फोटो परत देताना म्हणाले, ‘‘आजोबांचा हात फार सुंदर होता.’’

अण्णांना एक आत्या होती हे त्या दिवसापर्यंत आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आईंनी जुन्या नातेवाइकांकडे चौकशी केली, तेव्हा कळलं की सासरी गेल्यावर पहिल्याच बाळंतपणात ती गेली. तिच्या पाठीमागे तिचं नाव घेणारं कुणी राहिलं नाही. तिच्या भावाने फोटोमागे एक ओळ लिहिली म्हणून आज आम्हाला ती ठाऊक आहे, आणि आता घरातल्या लेकरांनाही. चार ओळींचा माझा आग्रह तिथून आला. मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, पण पन्नास वर्षांनी उजवीकडे कोण उभं आहे हे सांगायला आपण नसणार.

म्हणून आम्ही आईंना घेऊन त्याच घाटावर गेलो. फोटोतल्या पायऱ्या नेमक्या कोणत्या, ते आता कळणं अवघड आहे. नदीचं पात्रही मागे सरकलेलं होतं. तरी आई एका पायरीवर बसल्या, माझी मुलगी त्यांच्या उजवीकडे उभी राहिली, आणि ह्यांनी फोटो काढला. मुलीने स्वतःहून विचारलं, ‘‘आजी, त्या आजीचं वय माझ्याएवढंच होतं का?’’ आई म्हणाल्या, ‘‘तुझ्यापेक्षा थोडी मोठी असंल. पण जास्त नाही.’’ नंतर जनाबाईंच्या मंदिरात आईंनी आपल्या माहेरच्या ओव्यांतली एक हळू आवाजात म्हटली. ती मी मोबाइलवर टिपून घेतली. आवाज थरथरतो, मागे घंटा वाजतात, एक लेकरू रडतं. तरी माझ्याकडच्या सगळ्या चित्रफितींत मला तीच जपून ठेवावीशी वाटते. त्या रात्री ग्रुपवर जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी टाकला, आणि चाचांनी वाचलेल्या ओळी जशाच्या तशा लिहिल्या. दिरांनी काहीच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, ‘‘वहिनी, दिवाळीला येतो, आम्हाला पण न्या तिथं.’’

धारासूरला आम्ही एका थंडीत गेलो. गोदावरीच्या काठावरचं गुप्तेश्वराचं देऊळ, भिंतींवरच्या सुरसुंदरी. मला स्वतःला जिल्ह्यातलं हे सगळ्यांत देखणं शिल्प वाटतं, आणि परभणीकरांनाच ते फारसं माहीत नाही ह्याचं वाईट वाटतं. जिंतूरजवळच्या नेमगिरीला आई पायथ्याशीच थांबल्या. गुहांची दारं इतकी बुटकी की वाकून, जवळजवळ रांगतच आत जावं लागतं. आत पार्श्वनाथांची भव्य मूर्ती लहानशा दगडावर तोललेली आहे. आम्ही बाहेर आलो तेव्हा आईंनी खाली बसलेल्या एका जैन कुटुंबाशी ओळख काढली होती आणि त्यांच्याकडून लोणच्याची रीत विचारून घेतली होती. त्या फोटोखाली मी मूर्तीबद्दल कमी आणि लोणच्याबद्दल जास्त लिहिलं.

फेब्रुवारीत परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. ती आमची घरापासून सगळ्यांत जवळची सहल. चाचा आणि त्यांच्या घरचे आमच्याबरोबर असतात; आधी दर्ग्यात जायचं, मग लेकरांसाठी पाळणे, मग मिठाई. आईंचा आणि चाचींचा, दोघींचा मिळून एक फोटो दरवर्षी काढायचा असा आता रिवाजच झाला आहे. त्याखालच्या ओळी चाचा उर्दूत लिहून देतात आणि मी मराठीत.

फोटो काढताना एक गोष्ट मी काटेकोरपणे पाळते. अनोळखी माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. पाथरीच्या रस्त्याला एका शेतात कापसाची वेचणी चालली होती. पांढऱ्या रानात रंगीत लुगडी, बघताच फोटो काढावासा वाटला. मी बांधावरून विचारलं, तर त्यातली एक म्हणाली, ‘‘काढा की वो बाई, पण आम्हाला बी दाखवा.’’ सगळ्यांनी पदर सारखे केले, ओटीतला कापूस नीट केला आणि उभ्या राहिल्या. मोबाइलवर फोटो पाहून त्यांना फार आनंद झाला. त्यातल्या कुणाकडेच फोटो घेता येईल असा फोन नव्हता. मी परभणीत येऊन प्रिंट काढल्या आणि त्याच गावच्या एका शिक्षिकेबरोबर पाठवून दिल्या. फोटो घेणारा घेऊन जातो आणि ज्याचा फोटो असतो त्याला तो कधीच दिसत नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

अण्णांच्या पेटीत त्यांचा कॅमेराही होता, अॅग्फाचा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे. आई सांगतात, बारा फोटो पुरवून पुरवून वापरायचे, रोल संपायला दिवाळीपासून पाडवा यायचा. काढण्याआधी अण्णा कोण कुठं उभं राहणार हे ठरवायचे आणि सगळ्यांना श्वास धरायला लावायचे. रेल्वेच्या पासवर सिकंदराबादला, मनमाडला नेलेलं, तिथले फोटो त्या पेटीत आहेत. आज आम्ही एका दुपारीत त्यांच्या कित्येक वर्षांएवढे फोटो काढतो. म्हणून परत आल्यावर मी त्यातले मोजकेच ठेवते, बाकीचे पुसून टाकते. राहिलेल्यांपैकी आईंना आवडतील ते दिवाळीआधी स्टुडिओत नेऊन छापून आणते. मग एका संध्याकाळी आई सांगतात आणि माझी मुलगी मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिते: गाव, तिथी, तारीख, डावीकडून नावं, आणि आईंनी सांगितलेलं एखादं वाक्य. तिथी आई स्वतः पंचांगात बघून सांगतात.

दिवाळीत दीर ठरल्याप्रमाणे आले. त्यांची मुलगी पुण्यातच जन्मलेली, परभणी तिला फक्त आजीचं घर म्हणून माहीत. तिने आल्या आल्या आजीला विचारलं, ‘‘तो गोल पायऱ्यांचा आड कुठं आहे?’’ आईंनी तिला आड आणि बारव ह्यांतला फरक समजावून सांगितला. थंडीत हुरड्याला परत बोलावलं, तेव्हा नातेवाइकांच्या शेतात आगटी पेटवून गूळभेंडीची कणसं भाजली, आणि तिने पहिल्यांदा गरम दाणे स्वतःच्या हाताने चोळून खाल्ले. त्या दिवसाच्या फोटोखालच्या ओळी तिने लिहिल्या. काना-मात्रा चुकलेल्या आहेत. मी शिक्षिका असले तरी त्या सुधारल्या नाहीत.

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या तालुक्यातही एखादी बारव, एखादा घाट, एखादं पडकं देऊळ असेलच. येत्या हुरड्याच्या दिवसांत, ऊन तापायच्या आत, घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाला तिथं घेऊन जा. बसायला सतरंजी आणि पाणी बरोबर ठेवा. त्यांना बोलू द्या. आणि घरी आल्यावर, त्याच रात्री, फोटोतल्या प्रत्येकाचं नाव लिहून ठेवा. कडेला उभ्या असलेल्या बाईचंही.